तारा मेल्यावर त्याचं काय होणार हे कोणत्या वस्तुमानावर ठरतं? १.४, ८ आणि २५ यांचा गोंधळ

मृगव्याध

जानेवारीतल्या आकाशदर्शनासाठी भिंतीवर लावायचा एक तक्ता करतोय: तारा किती वस्तुमानाचा जन्मला तर शेवटी त्याचं काय उरतं. आकडे जुळवताना अडकलोय. एका ठिकाणी लिहिलंय, १.४ सूर्यवस्तुमानापर्यंत श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा), त्यापुढे न्यूट्रॉन तारा, ३ च्या वर कृष्णविवर. दुसरीकडे याच रेषा ८ आणि २५ वर ओढल्यात. दोन्ही बरोबर कसे असतील?

दुसरी अडचण व्याधाची. मुख्य तारा, म्हणजे व्याध अ, २.०६ सूर्यवस्तुमानाचा आहे आणि अजून हायड्रोजन जाळतोय. त्याचा जोडीदार व्याध ब १.०२ चा आहे आणि तो कधीच श्वेतबटू झालाय. जड तारे लवकर संपतात म्हणतात, मग इथे हलका आधी कसा गेला?

आणि तिसरं, मृगातल्या काक्षीखाली (बीटलज्यूस) काय लिहू, न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर?

सप्तर्षी_७

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ताऱ्याच्या बाबतीत तीन वेगवेगळी वस्तुमानं असतात आणि बहुतेक तक्ते ती एकाच रकान्यात कोंबतात: जन्माच्या वेळचं, मरताना गाभ्याचं, आणि मागे उरलेल्या अवशेषाचं. ८ आणि २५ हे जन्माचे आकडे. १.४ हा गाभ्याचा आणि अवशेषाचा. ३ हा न्यूट्रॉन ताऱ्याच्या कमाल वस्तुमानाचा जुना, सैल हाताने धरलेला आकडा. तक्त्यात तीन रकाने करा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

आता व्याध. आज जो १.०२ चा दिसतोय तो जन्मला तेव्हा ५ च्या पुढे होता. जोडीत तोच जड होता, म्हणून तोच आधी संपला. बाकीचं चार सूर्यांहून जास्त वस्तुमान त्याने अवकाशात उधळून दिलं.

उधळलं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या सूर्याचा वारा आज वर्षाला सूर्याच्या सुमारे ५० लाख कोटीव्या भागाएवढं वस्तुमान नेतो, म्हणजे नगण्य. पण तारा तांबडा राक्षसी होऊन शेवटच्या टप्प्यात आला, की त्याचा पृष्ठभाग स्पंदन पावू लागतो. प्रत्येक स्पंदनात वायू वर ढकलला जातो, तिथे थंड होऊन त्याचे धूलिकण बनतात आणि ताऱ्याचा प्रकाश त्या कणांना बाहेर रेटतो. कण आपल्याबरोबर वायूही ओढून नेतात. हा वारा वर्षाला एका सूर्याच्या लाखाव्या भागापर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. त्या वेगाने चार सूर्य उडवायला चार लाख वर्षं पुरतात. उघडा पडलेला गरम गाभा त्या वायूला पेटल्यासारखा उजळवतो आणि आपल्याला बिंबाभ्रिका (प्लॅनेटरी नेब्युला) दिसते. गाभा उरतो तो श्वेतबटू.

जन्माच्या वस्तुमानावरून अवशेष काढायची सूत्रं तारकागुच्छांतले श्वेतबटू मोजून बसवलेली आहेत. ०.८ ते २.९ सूर्यांच्या ताऱ्यांसाठी: जन्माच्या वस्तुमानाला ०.०८ ने गुणा, ०.४९ मिळवा. ३.६ ते ७.२ साठी: ०.१०७ ने गुणा, ०.४७ मिळवा. मधल्या पट्ट्यात चढ जास्त तीव्र आहे.

करून बघा. अभिजित २.१ चा, उत्तर ०.६६. रोहिणी साधारण १.१६ ची, उत्तर ०.५८. सूर्यासाठी ०.५७ येतं, तर सूर्याची स्वतंत्र मॉडेलं ०.५४ च्या आसपास देतात, म्हणजे दुसऱ्या दशांश स्थळावर फार विसंबू नका. व्याध ब उलटा सोडवला तर जन्माचं वस्तुमान ५.१ येतं. श्वेतबटू किती निवलाय आणि जोडीचं एकूण वय किती, यावरून काढलं तर ५.६ च्या जवळ येतं. म्हणून तक्त्यात "५ ते ५.६" लिहा.

वयाचाही हिशेब बसतो. व्याधाची जोडी सुमारे २३ कोटी वर्षांची आहे. त्यातली पहिली १० कोटी वर्षं व्याध ब तारा म्हणून जगला, उरलेली तो निवतोय. आयुष्यासाठी पुस्तकांत एक ढोबळ नियम असतो: १००० कोटी वर्षांना वस्तुमानाच्या अडीचाव्या घाताने भागा. तो इथे १८ कोटी देतो, जवळपास दुप्पट. सूर्याहून बरेच जड असलेल्या ताऱ्यांना तो नियम नीट बसत नाही. तक्त्यात वापरणार असाल तर २ सूर्यांच्या पुढे वापरू नका.

मृगव्याध

तीन रकान्यांनी खरंच डोकं साफ झालं. पण गाभ्याला १.४ चीच मर्यादा का? आणि तो आकडा सगळ्या ताऱ्यांना सारखाच कसा लागू पडतो?

अभ्रिका

श्वेतबटूत जळायला काही उरलेलं नसतं, तरी तो कोसळत नाही, कारण इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत दोघे राहू शकत नाहीत. जागा कमी केली की त्यांना जास्त वेगाच्या अवस्थांत जावं लागतं आणि त्यातून दाब येतो. हा दाब तापमानावर जवळजवळ अवलंबून नाही, म्हणून श्वेतबटू थंड होत गेला तरी आकाराने तसाच राहतो. व्याध ब पृथ्वीपेक्षा किंचित लहान आहे आणि सूर्याहून किंचित जड.

वस्तुमान वाढवलं की श्वेतबटू लहान होतो. इलेक्ट्रॉन आणखी दाटतात, आणखी वेगाने धावतात, आणि प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात. गडबड इथे होते. वेग आता फारसा वाढू शकत नाही, त्यामुळे दाब घनतेच्या ५/३ घाताऐवजी ४/३ घाताने वाढू लागतो. गुरुत्वाकर्षणाला तोलायला लागणारा दाबही आकुंचनाबरोबर नेमका ४/३ घातानेच वाढतो. म्हणजे कितीही आकुंचन पावलं तरी तूट भरून निघत नाही. ज्या वस्तुमानाला हे होतं ती चंद्रशेखर मर्यादा.

आकडा सारखा का, तर त्यात ताऱ्याचा इतिहास येतच नाही. ५.८३ भागिले दर इलेक्ट्रॉनमागे येणाऱ्या अणुकेंद्रकणांच्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) संख्येचा वर्ग, एवढंच सूत्र आहे. हेलियम, कार्बन, ऑक्सिजन या सगळ्यांत दर इलेक्ट्रॉनमागे २ कण, म्हणून १.४६. बारीकसारीक दुरुस्त्या केल्या की १.४ च्या आसपास. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, तेव्हा १९ वर्षांचे होते, आणि त्या प्रवासात त्यांनी या गणिताची सुरुवात केली. १९३१ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात मात्र मर्यादा ०.९१ आहे. ती चूक नव्हे: तेव्हा दर इलेक्ट्रॉनमागे २.५ कण धरत असत. २.५ घालून स्वतः भागून बघा, ०.९३ येईल. तुमच्या तक्त्याशेजारी हे छोटं गणित लावलंत तर नववी-दहावीची मुलंही करून बघतील.

खालच्या टोकाचं थोडक्यात. ०.०८ च्या खाली हायड्रोजन टिकून पेटतच नाही, तो तपकिरी बटू. ०.०८ ते साधारण ०.५ या तांबड्या बटूंच्या गाभ्यात हेलियम कधीच पेटणार नाही, कारण त्यासाठी गाभा सुमारे ०.४७ चा आणि तापमान १० कोटी अंश लागतं. त्यांचे हेलियमचे श्वेतबटू होतील, पण विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आणि यांचं आयुष्य त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे एकटा जगून असा मेलेला एकही तारा अजून नाही. तक्त्यात त्या ओळीपुढे "अजून घडलेलं नाही" असं स्पष्ट लिहा.

धनिष्ठा

८ च्या वरचं मी घेते.

तिथे गाभा कार्बनवर थांबत नाही. २५ सूर्यांच्या ताऱ्याचं वेळापत्रक बघा: हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं, हेलियम सहा-सात लाख, कार्बन ६०० वर्षं, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने, सिलिकॉन एक दिवस. इतकी घाई का? कार्बनपासून पुढे गाभा इतका तापतो की ऊर्जा प्रकाशाऐवजी न्यूट्रिनोंच्या, म्हणजे पदार्थात जवळजवळ न अडकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, रूपात थेट बाहेर पळते. प्रकाशाला वरच्या थरांतून वाट काढत यायला हजारो वर्षं लागतात, न्यूट्रिनोला अडवणारं काही नसतं. गळकी टाकी भरत राहावी तसं इंधन ओतावं लागतं.

सिलिकॉन जळून थेट लोखंड बनतं असं बऱ्याच तक्त्यांत असतं. खरं तर निकेल-५६ बनतं. गाभ्याच्या प्रचंड घनतेत केंद्रकं इलेक्ट्रॉन गिळतात आणि मिश्रण लोखंडाच्या गटाकडे सरकतं. इथून पुढे जोडणी केली तर ऊर्जा मिळत नाही, खर्च होते.

हा लोखंडी गाभा आतून इलेक्ट्रॉनांच्याच दाबावर उभा असतो, म्हणजे वर सांगितलेली मर्यादा यालाही लागू. लोखंडात २६ इलेक्ट्रॉनांमागे ५६ कण, म्हणजे २.१५. सूत्रात घाला, १.२६ येईल. गाभा गरम असल्याने प्रत्यक्षात तो थोडा जास्त, १.३ ते १.६ किंवा त्याहून किंचित वर पेलतो. सिलिकॉनच्या कवचातून राख पडत राहते, गाभा मर्यादा ओलांडतो, आणि काही हजार किलोमीटरचा गोळा एका सेकंदाच्या आत काही दशक किलोमीटरवर येतो. पदार्थ प्रकाशवेगाच्या चौथाईने आत पडतो.

मधला भाग अणुकेंद्राच्या घनतेला पोचला की ताठरतो, उसळी घेतो आणि धक्कालहर बाहेर निघते. इथे पुस्तकं "आणि तारा फुटतो" म्हणून मोकळी होतात, पण ती लहर एकटीने तारा फोडू शकत नाही. वाटेत येणारं लोखंड ती मोडत जाते आणि दर ०.१ सूर्यवस्तुमान लोखंड मोडायला १०च्या ४४व्या घाताच्या सुमारे पावणेदोन पट जूल लागतात. सबंध स्फोटाची गतिज ऊर्जाच मुळात १०च्या ४४व्या घाताएवढी असते. म्हणून लहर १५० किलोमीटरच्या आसपास अडकते. तिला पुन्हा जिवंत करतात ते न्यूट्रिनो. एकूण ऊर्जेचा ९९ टक्के वाटा त्यांच्याकडे असतो. त्यातला काही टक्के भाग लहरीच्या मागच्या थरात शोषला गेला, तो थर उकळू लागला, तर अर्ध्या सेकंदात लहर सुटते. नाही सुटली तर वरचा पदार्थ आत पडत राहतो आणि कृष्णविवर होतं. न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर, हा निकाल या अर्ध्या सेकंदात लागतो.

याचा पुरावा आहे. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलन मेघात (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत) अतिदीप्त नवतारा (सुपरनोव्हा) दिसला, अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. उजेड पोचायच्या दोन-तीन तास आधी जपान, अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या शोधकयंत्रांत मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले, सगळे १३ सेकंदांच्या आत. न्यूट्रिनो गाभ्यातून लगेच निघाले, धक्कालहरीला पृष्ठभाग गाठायला मात्र वेळ लागला. फुटलेला तारा जुन्या छायाचित्रांत सापडला: सुमारे २० सूर्यांचा निळा महाराक्षसी.

मृगव्याध

म्हणजे २५ ही रेषा?

ध्रुवमत्स्य

ती रेषा काढून टाका. ८ ची रेषा तरी बऱ्यापैकी खरी आहे, जरी ८ ते १० मध्ये ऑक्सिजन-निऑनचे श्वेतबटू आणि इलेक्ट्रॉन गिळून कोसळणारे गाभे असा चिंचोळा संधिप्रदेश आहे. अगस्तीची अनुमानं ८ ते १० मध्येच येतात. हिवाळ्यात दक्षिणेला तो दाखवाल तेव्हा "हा उंबऱ्यावर बसलाय" असं सांगता येईल.

पण २५ ला असा उंबरा नाही. स्फोट यशस्वी होतो की नाही हे शेवटच्या दिवशी लोखंडी गाभ्याबाहेरचे थर किती दाट बसलेत यावर ठरतं, आणि ती दाटी जन्माच्या वस्तुमानाबरोबर सरळ वाढत नाही. कार्बन आतून उकळत जळला की शांतपणे, यावर ती खालीवर होते. त्यामुळे मॉडेलांत १५ च्या खाली बहुतेक फुटतात, १५ ते ३० मध्ये फुटणारे आणि न फुटणारे एकमेकांत मिसळलेले असतात.

निरीक्षणंही तेच सुचवतात. स्फोटाआधीच्या छायाचित्रांत सापडलेले तांबडे महाराक्षसी साधारण १८ सूर्यांपर्यंतचेच आहेत. त्याहून जड तांबडे आकाशात आहेत, पण फुटताना दिसत नाहीत. धूळ आड येते म्हणून वस्तुमान कमी भासतं, असंही काही अभ्यासक मानतात. एनजीसी ६९४६ दीर्घिकेत सुमारे २५ सूर्यांचा एक तारा २००९ मध्ये थोडा उजळला आणि मग दृश्य प्रकाशात दिसेनासा झाला. तो स्फोटाविना कृष्णविवर झाला असावा असं मानतात, पण वेब दुर्बिणीला तिथे अवरक्त उजेड दिसल्याने वाद मिटलेला नाही.

काक्षी: अलीकडची अनुमानं १६.५ ते १९. तक्त्यात "बहुधा स्फोट आणि न्यूट्रॉन तारा" लिहा, "बहुधा" गाळू नका.

दुसरी गोष्ट धातूंची. खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड सगळं धातूच. जड ताऱ्याचा वारा धातूंच्या वर्णरेषांवर प्रकाश आदळून चालतो. धातू कमी तर वारा मंद, वस्तुमान शाबूत, गाभा मोठा. हंस राशीतल्या हंस क्ष-१ चं कृष्णविवर २१ सूर्यांचं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेलं गाया बीएच३ गरुड तारकासमूहात, सुमारे २००० प्रकाशवर्षांवर, ३३ सूर्यांचं. त्याचा जोडीदार तारा धातूंच्या बाबतीत अगदी दरिद्री आहे, सूर्याच्या काही शतांशांहूनही कमी. एवढं जड कृष्णविवर कसं बनलं याची किल्ली त्या जोडीदारात आहे. तेव्हा तुमच्या तक्त्याच्या डोक्यावर "सूर्याइतके धातू असलेल्या एकट्या ताऱ्यांसाठी" हे लिहायलाच हवं.

आणि वरचं टोक "जितका जड तितकं मोठं कृष्णविवर" असंही नाही. धातू नसलेले १४० ते २६० सूर्यांचे तारे, गणिताप्रमाणे, काहीच मागे ठेवत नाहीत. त्यांच्या गाभ्यात गॅमा किरणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनतात, दाब अचानक घटतो, गाभा आकसतो, ऑक्सिजन एकदम पेटतो आणि सगळा तारा विखरून जातो. २६० च्या वर पुन्हा कृष्णविवर.

तुमचा ३ चा आकडा राहिला. फक्त न्यूट्रॉनांच्या डिजनरसी दाबाने (एका अवस्थेत दोघे राहू शकत नाहीत म्हणून येणाऱ्या दाबाने) १९३९ साली काढलेली मर्यादा ०.७ आली होती, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या मर्यादेहून कमी. न्यूट्रॉन तारा उभा राहतो तो मुख्यतः अतिजवळ आलेल्या केंद्रकणांमधल्या प्रतिकर्षणावर. आज नीट मोजलेल्या सर्वांत जड स्पंदकांपैकी (पल्सर, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ झोत टाकणारे न्यूट्रॉन तारे) एक २.०८ चा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळले तेव्हा एकूण वस्तुमान २.७ होतं आणि ते बहुधा लवकरच कोसळलं. या दोन्हींमधून मर्यादा २.२-२.३ च्या आसपास धरतात. स्पंदकांवरचं बरंच काम आपल्याकडे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर चालतं, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांवर. आणि असे विलय गुरुत्वीय लहरींतून पकडणारं लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात उभं राहायचं आहे. तक्त्यात तेवढ्या जागेचा नकाशा शोभेल.

सप्तर्षी_७

"एकट्या ताऱ्यांसाठी" यावर थोडं, कारण तुमच्या आकाशदर्शनात कोणीतरी विचारणारच.

जड ताऱ्यांपैकी बहुतेकांना इतका जवळचा जोडीदार असतो की आयुष्यात कधीतरी वस्तुमानाची देवघेव होते. तिथे जन्माचं वस्तुमान बघून भविष्य सांगता येत नाही. ययातीमधला अलगॉल घ्या: ३.२ सूर्यांचा तारा अजून तरुण आणि ०.७ चा जोडीदार म्हातारा. हे व्याधाचंच कोडं वाटतं, पण इथे वस्तुमान अवकाशात गेलं नाही. म्हाताऱ्याने ते शेजाऱ्याच्या अंगावर ओतलं. मघा आणखी स्पष्ट. तिच्याभोवती ४० दिवसांत फिरणारा ०.३ चा श्वेतबटू आहे. एकट्या ताऱ्याला तिथे पोचायला विश्वाचं वय पुरलं नसतं. त्याचं कवच जोडीदाराने काढून घेतलं, म्हणून हेलियमचा गाभा वेळेआधी उघडा पडला. अभ्रिका यांनी वर "एकटा जगून" म्हटलंय ते याचसाठी.

उलटही घडतं. कार्बन-ऑक्सिजनच्या श्वेतबटूवर वस्तुमान साठत १.४ जवळ आलं की तो कोसळत नाही. कार्बन पेटतो आणि दाब तापमानावर अवलंबून नसल्याने फुगून थंड होण्याची सोय नसते. आग बेफाम होते, पूर्ण तारा उडतो, मागे काही राहत नाही. सुमारे ०.६ सूर्य निकेल-५६ बनतं, तेच आधी ६ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टमध्ये आणि मग ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंडात बदलत महिनोन्‌महिने उजेड देतं. तेव्हा "१.४ ओलांडलं की न्यूट्रॉन तारा" हे वाक्य लोखंडी गाभ्यापुरतं खरं, कार्बनच्या श्वेतबटूला लावू नका.

मृगव्याध

ओळी अशा केल्यात, तपासाल का? आकडे जन्माच्या वस्तुमानाचे.

०.०८ खाली: तपकिरी बटू.
०.०८–०.५: हेलियमचा श्वेतबटू, अजून घडलेलं नाही.
०.५–८: कार्बन-ऑक्सिजनचा श्वेतबटू, अवशेष ०.५ ते १.१. उदाहरणं अभिजित, रोहिणी, व्याध ब.
८–१०: संधिप्रदेश. अगस्ती.
१०–१५: स्फोट, न्यूट्रॉन तारा, अवशेष १.२ ते २. चित्रा.
१५–३०: दोन्ही शक्य. काक्षी, बहुधा न्यूट्रॉन तारा.
३० च्या वर: बहुतेक कृष्णविवर.

धनिष्ठा

चित्रा काढा. तिचा मुख्य तारा ११ सूर्यांचा आहे खरा, पण जोडीदार ४ दिवसांत प्रदक्षिणा घालतो. तो तारा फुगायला लागला की दोघांत देवघेव होणारच, मग तुमच्या "एकट्या ताऱ्यांसाठी" या मथळ्याखाली ती बसत नाही. तिथे १९८७ चा तारा टाकायचा मोह आवरा, तो २० चा होता, खालच्या ओळीत जाईल. ज्येष्ठा टाका, साधारण ११ ते १४, तांबडी, नावाने सगळ्यांना ठाऊक. तिलाही जोडीदार आहे, पण फेरी हजाराहून जास्त वर्षांची, इतक्या दुरून तो तिच्या शेवटात हात घालणार नाही. फक्त जानेवारीत ती पहाटेच दिसेल, संध्याकाळच्या कार्यक्रमात बोट दाखवता येणार नाही.

ध्रुवमत्स्य

शेवटच्या ओळीत "सूर्याइतके धातू" असलेल्यांना वारा इतका झिजवतो की ६०-७० चा तारासुद्धा मरताना २० च्या आसपास उरू शकतो. म्हणून त्या ओळीपुढे अवशेषाच्या रकान्यात एकच आकडा न लिहिता "५ ते २०" असा पट्टा द्या, आणि गाया बीएच३ चे ३३ वेगळ्या चौकटीत, "धातू कमी" अशा मथळ्याने.